जखमी किंवा अनाथ रानजीव सापडला तर: काय करायचं आणि कुठे हात आवरायचा

सांजवेळ

पिल्लांचा हंगाम आला की इथे वरचेवर एकच प्रश्न येतो: "पिल्लू पडलंय, आई दिसत नाही, काय खायला घालू?" प्रत्येक वेळी घाईघाईत तुकड्यातुकड्यांनी उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी असावं, म्हणून हा धागा काढतेय. मी बरीच वर्षं पशुवैद्यांच्या हाताखाली छोट्या रानजीवांच्या पुनर्वसनाचं काम करते. स्वतः पशुवैद्य नाही, त्यामुळे औषधांचे डोस माझ्याकडे मागू नका. मिळणार नाहीत.

"काय खायला घालू?" हा पहिला प्रश्न नव्हेच. पहिला प्रश्न असा: या जिवाला खरंच माझी गरज आहे का? लोक आमच्याकडे जी पिल्लं आणतात, त्यातली कितीतरी अनाथ नसतात. आईच्या डोळ्यांदेखत उचलून आणलेली असतात.

सशाचंच घ्या. रानसशाची मादी पिल्लांना दिवसातून एकदा, फार तर दोनदा, आणि तेही जेमतेम काही मिनिटं पाजते. एरवी ती मुद्दाम लांब राहते, कारण तिच्या येण्याजाण्याने शिकाऱ्याला घरटं सापडेल. सशाचं दूध इतकं दाट असतं की दिवसभराची बेगमी तेवढ्यात होते. गाईच्या दुधापेक्षा त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश तिपटी-चौपटीने जास्त असतात. त्यामुळे गवतात एकटी, गप्प पडलेली सशाची पिल्लं दिसली तर ती टाकलेली नाहीत, ठेवलेली आहेत. शंका असेलच तर घरट्यावर दोन-तीन बारीक काड्या आडव्यातिडव्या ठेवा आणि निघून या. दुसऱ्या दिवशी सकाळी काड्या हललेल्या असतील आणि पिल्लांची पोटं भरलेली असतील, तर आई येऊन गेली.

पक्ष्यांचं तसंच. अंगावर पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारं पिल्लू हे "पडलेलं" नसतं. ते घरटं सोडून बाहेर पडलेलं असतं. पुढचे काही दिवस ते जमिनीवर आणि झुडपांत काढतं आणि आईबाप तिथेच येऊन भरवतात. मांजर किंवा कुत्रं जवळ असेल तर उचलून शेजारच्या झुडपावर ठेवा, एवढंच. घुबडांची पिल्लं तर उडता येण्याआधीच फांद्यांवर हिंडायला लागतात, खाली पडली तरी नख्या आणि चोचीच्या जोरावर पुन्हा वर चढतात. उघडंबोडकं, मिटल्या डोळ्यांचं पिल्लू मात्र घरट्यातच हवं. घरटं हाताशी असेल तर परत ठेवा. मोडलं असेल तर छोट्या टोपलीत सुकं गवत घाला, जुन्या जागेच्या जितकं जवळ जमेल तितकं बांधा आणि लांबून लक्ष ठेवा.

"पण माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते ना?" नाही. ही समजूत कुठून आली कोण जाणे, पण तिने असंख्य पिल्लांची ताटातूट केलीय. पक्षी पिल्लांना प्रामुख्याने आवाजावरून आणि जागेवरून ओळखतात. हाताच्या वासावरून सोडून देत नाहीत. सस्तन प्राण्यांच्या आयासुद्धा सहजासहजी पिल्लू सोडत नाहीत.

मग खरी गरज कधी? रक्त येतंय, पंख किंवा पाय लोंबतोय, अंगावर माश्यांची अंडी आहेत (तांदळाच्या कणीसारखी पांढरी दिसतात), पिल्लू हाताला थंडगार लागतंय, शेजारी आई मरून पडलीय, तासन् तास सतत ओरडतंय. आणि मांजराच्या तोंडातून सुटलेला कुठलाही जीव, मग वरून तो कितीही धडधाकट दिसो. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून ते रक्तात गेले की लहान पक्षी एक-दोन दिवसांत दगावतो. त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडून अँटिबायोटिक मिळायला हवं. "बरा दिसला म्हणून सोडून दिला" यातला "बरा" फसवा असतो. शिकार होणारे प्राणी शेवटपर्यंत दुखणं लपवतात.

पहिला तास. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तळाला मऊ सुती कापड. टर्किशचा टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ऊब ठेवा, म्हणजे उकडलं तर जीव दुसरीकडे सरकू शकेल. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली तरी चालते, फक्त ती गार झाली की उलट अंगातली ऊब खेचते, तेव्हा बदलत राहा. झाकण लावा. अंधार आणि शांतता. पोरंटोरं, टीव्ही, कुत्री सगळं लांब. दर दहा मिनिटांनी उघडून बघू नका. आपला प्रेमाने झुकलेला चेहरा त्याच्या लेखी शिकाऱ्याचा चेहरा असतो.

आणि काहीही भरवू नका. क्रम ठरलेला आहे: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. गारठलेल्या शरीराची आतडी चालत नाहीत. पोटात गेलेलं दूध तिथेच नासतं आणि पिल्लू फुगून मरतं. ऊब आल्यावरही शरीरात पाणी कमी असेल तर अन्न पचत नाही. पक्ष्यांच्या चोचीत पाणी ओतणं तर कधीच नाही. त्यांच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, थेंब थेट फुप्फुसात उतरतो. गाईचं दूध कुणालाच नाही. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही, आणि सस्तन पिल्लांना त्याने हगवण लागते. एवढ्याशा जिवाला हगवण म्हणजे काही तासांचा खेळ.

हे होईपर्यंत फोन लावलेला असायला हवा: वन्यजीव केंद्र, वनखातं, रानजीवांवर उपचार करणारा पशुवैद्य, जो लवकर मिळेल तो. बहुतेक देशांत परवान्याशिवाय रानटी प्राणी घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि तो नियम मला मनापासून पटतो. त्याबद्दल पुढे लिहीनच.

पानगळ

वाचनखूण साठवली. फार गरजेचा धागा. काचेवर आपटून पडलेल्या पक्ष्याचं काय करायचं? बहुतेक वेळा तो डोळे अर्धवट मिटून बसून राहतो.

सांजवेळ

पानगळ, तसंच खोकं, तसाच अंधार. पाणी नाही, दाणा नाही. तास-दोन तासांनी खोकं बाहेर मोकळ्यावर नेऊन उघडा. सरळ उडाला तर उत्तम. मान वाकडी, एक बुबुळ मोठं एक लहान, पंख खाली ओघळलेला, नाका-चोचीतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर पशुवैद्य. हवेत उडवून "बघू उडतो का" हा प्रयोग नको. पाकोळीच्या बाबतीत तर हे हमखास होतं. तिचे पाय आखूड, ती जमिनीवरून सहज उठत नाही, म्हणून लोक तिला चेंडूसारखी वर फेकतात आणि आतून मार लागलेली पाकोळी दुसऱ्यांदा आपटते. उघड्या तळहातावर घेऊन उंच धरा. जायची असेल तर ती स्वतः जाते.

निळाई

ताई, आत्ताच मदत हवीय. शेजारी झाड तोडलं, ढोलीतून खारीची दोन पिल्लं खाली आली. अंगावर बारीक लव आहे, डोळे मिटलेले. जखम दिसत नाही. माणसं गेलीत आता. दुपार आहे. दोघांना खोक्यात ठेवलंय.

सांजवेळ

निळाई, छान केलंस. आता आईला संधी दे. खारीची बहुधा एकाहून जास्त घरटी असतात. एक गेलं की ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते.

खोकं उघडं ठेव, वरून कापड पांघरू नकोस, तिला पिल्लं दिसायला हवीत. आत फडक्यात गुंडाळलेली कोमट बाटली हवीच. थंड पडलेलं पिल्लू आई मेलेलं समजून सोडू शकते. खोकं तोडलेल्या झाडाच्या जवळात जवळच्या उभ्या झाडाच्या बुंध्याशी सावलीत ठेव, मुंग्या लागणार नाहीत असं बघ आणि घरात जाऊन खिडकीतून लक्ष ठेव. तू बाजूला उभी असलीस तर ती येणार नाही. पिल्लांचं ओरडणं फोनवर रेकॉर्ड करून झाडाजवळ वाजवलंस तर कधीकधी आई त्या आवाजावर येते. खार दिवसा वावरते, तेव्हा अंधार पडायच्या आत खोकं घरात. तोवर केंद्राचा नंबर शोधून ठेव.

निशाचर

धागा वाचतोय. वटवाघळांबद्दल थोडं लिहितो, कारण ती सापडली की लोक एकतर झाडूने मारतात किंवा अति दयेने उघड्या हाताने उचलतात. दोन्ही नको.

वटवाघळाला उघडा हात लावायचा नाही. जाड हातमोजे, नाहीतर जाड टॉवेलची घडी. दात इतके बारीक की चावल्याची खूण कधी दिसतही नाही. चावा, ओरखडा किंवा लाळेचा जखमेशी संपर्क झाला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जा. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय उरत नाही. जगभरात दरवर्षी साधारण ५९,००० माणसं याने जातात, बहुतेक कुत्र्याच्या चाव्याने. पण वटवाघळाच्या बाबतीत "छोटासाच तर ओरखडा" म्हणून सोडून देणं परवडणारं नाही. या कामात नियमित असणाऱ्यांनी आधीच लस टोचून घ्यावी.

हे सगळं ऐकून वटवाघळाचा द्वेष करू नका. बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. विजेच्या तारांना चिकटून मादी मेली तरी छातीला बिलगलेलं पिल्लू अनेकदा जिवंत असतं. ते स्तनाग्र दातांत घट्ट धरून बसतं, ओढून काढलं तर तोंडाला इजा होते. हातमोजे चढवून आईसकट खोक्यात घालून केंद्रात न्या. तिथे त्यांना कापडात गुंडाळून, धरायला काहीतरी देऊन, चोखायला बोंडलं देऊन वाढवतात.

जमिनीवर सापडलेल्या कीटकभक्षी वटवाघळाला खोक्यात उभं कापड लोंबतं ठेवा, तो त्याला लटकेल. उथळ झाकणात थोडं पाणी. जखम नसेल तर संध्याकाळी झाडाच्या खरखरीत खोडावर उंच ठेवा. बऱ्याच जातींना सपाट जमिनीवरून झेप घेता येत नाही, उंचावरून खाली सुटूनच उडता येतं.

मृद्गंध

निशाचर, सुंदर माहिती. सांजवेळ, तुम्ही "परवान्याचा नियम पटतो" म्हणालात, त्यावर मात्र असहमत. केंद्रं लांब, फोन उचलत नाहीत, उचलला तरी गाडी येत नाही. अशा वेळी माणसाने काय हात बांधून बसायचं? प्रेमाने वाढवलेलं पिल्लू मरणाऱ्या पिल्लापेक्षा बरंच ना?

सांजवेळ

मृद्गंध, फोन न उचलणाऱ्या केंद्रांचा राग मलाही येतो. तुमची तडफड खोटी नाही. पण वाढवलेलं पिल्लू "बरं" असतं का, ते नीट पाहू.

घरी वाढवलेल्या खारीला लोक काय घालतात? शेंगदाणे, बिस्किटं, सूर्यफुलाच्या बिया. ती आवडीने खाते. दाण्यांत आणि बियांत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर हाडांमधून ते काढायला लागतं. हाडं ठिसूळ होतात, मागचे पाय ओढत चालते, मग झटके येतात. बाहेरून गुटगुटीत दिसणारी खार एके दिवशी उडी मारते आणि पाय मोडतो. आमच्याकडे येणाऱ्या "घरच्या" खारींमध्ये हे नेहमीचं आहे. कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावं लागतं. म्हणून पानं, कोंब, सालीच्या काड्या, कुरतडायला पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना देतात तो समुद्रफेस.

दुसरी गोष्ट मनाची. कॉनराड लॉरेन्झ यांनी राजहंसांच्या पिल्लांवर जे दाखवलं ते या कामाचा पाया आहे. अंड्यातून बाहेर आल्यावरच्या ठरावीक काळात जो हलता जीव समोर असेल, त्यालाच पिल्लू आपलं मानतं. (त्यांना १९७३ मध्ये निको टिनबर्गन आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल मिळालं.) माणसाला आपलं मानणारं घुबड मोठेपणी जोडीदार शोधायला माणसाच्या खांद्यावर उतरतं. लोक घाबरून काठी उचलतात. कॅलिफोर्निया कॉन्डर या गिधाडाची संख्या १९८७ मध्ये २७ वर आली तेव्हा सगळे पक्षी पकडून प्रजननासाठी ठेवले. पिल्लं भरवताना माणसाने हातावर कॉन्डरच्या डोक्याची बाहुली चढवली, ती केवळ यासाठी की पिल्लाला माणूस दिसू नये.

म्हणून आम्ही पिल्लांशी बोलत नाही. नाव ठेवत नाही. भरवायचं, पुसायचं, वजन घ्यायचं, झाकण लावायचं. एकटं पिल्लू शक्यतो ठेवतच नाही, त्याच वयाच्या त्याच जातीच्या पिल्लांत मिसळतो. घरात एकट्याने वाढवण्यात हेच जमत नाही.

निळाई

आई आली होती!! एक पिल्लू तोंडात धरून समोरच्या झाडावर नेलं. पण दुसऱ्याला नेलं नाही. चार-पाच वेळा खिडकीतून पाहिलं, ती परत आलीच नाही. आता अंधारतंय. खोकं आत आणलंय. केंद्राशी बोलणं झालं, उद्या सकाळी पोचवायला सांगितलंय. रात्रभर काय करू?

सांजवेळ

एकाला आई मिळाली हे फार मोठं आहे, निळाई. आता दुसऱ्याचं.

पिल्लू उबदार आहे ना? हातात घेतलं तर तुझ्या हातापेक्षा गार लागता कामा नये. मानेमागची कातडी चिमटीत हलकेच उचलून सोड. लगेच सपाट झाली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर पाणी कमी आहे.

ऊब आल्यावर कोमट ओआरएस, सुई काढलेल्या एक मिलिच्या सिरिंजने. ड्रॉपर नको, त्याच्यावर ताबा राहत नाही. पिल्लाला पालथं, डोकं किंचित वर ठेवून धर. उताणं कधीच नाही. थेंब ओठांशी ठेव, त्याला चाटू दे, ढकलू नकोस. नाकातून पाणी आलं तर लगेच थांब, डोकं खाली करून नाक पूस. एका वेळचं प्रमाण वजनाच्या पाच टक्के. म्हणजे पिल्लू ४० ग्रॅमचं असेल तर दोन मिलि. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरतो.

आणि हे विसरू नकोस: पाजण्याआधी आणि नंतर कोमट ओल्या कापसाने पोटाखालचा, शेपटीजवळचा भाग अलगद पुसायचा. या वयात पिल्लांना आपण होऊन शू-शी करता येत नाही, आई चाटते तेव्हाच होते. हे राहिलं तर मूत्राशय तुंबतं. रात्री दर तीन-चार तासांनी एवढंच. दूध केंद्रावर त्यांच्या पद्धतीने सुरू करतील. बहुतेक ठिकाणी कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर वापरतात, एस्बिलॅक वगैरे. ते सकाळी ठरवू दे.

जाईजुई

मी पशुवैद्यक आहे, लहान प्राण्यांवर काम करते. वरचं सगळं बरोबर आहे, औषधांबद्दल एक भर. घरातली माणसांची औषधं रानजीवांना देऊ नका, "थोडीशीच" म्हणूनही नाही. सशाला तोंडावाटे अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससाच दगावतो. वेदनाशामकांचं तर सांगायलाच नको. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांमधून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. दक्षिण आशियातली गिधाडं ९५ टक्क्यांहून जास्त घटली. कारण २००४ मध्ये उघड झालं, भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. त्याच कुळातलं मेलॉक्सिकॅम मात्र गिधाडांना चालतं. कुठल्या जातीला काय सोसतं ते अंदाजाने कळत नाही.

उंदरांसाठी लावतात त्या चिकटपट्टीत अडकलेले पक्षी, सरडे, खारी बऱ्याच येतात. ओढू नका, कातडी निघते. आधी उरलेल्या चिकट भागावर कागद किंवा पीठ टाका म्हणजे आणखी अडकणार नाही, मग खाद्यतेल बोटाने हळूहळू जिरवत सोडवा. नंतर केंद्रात. तेलकट पिसांनी पक्षी थंडीत तगत नाही. आणि घरात चिकटपट्टी लावणं बंद करा, हात जोडून सांगते.

काळवीट

चर्चा वाचतोय. कटू वाटेल, तरी विचारतो. एकेका खारीमागे इतका वेळ, इतकी माणसं. अमेरिकेतल्या २०१३ च्या अभ्यासात मांजरी वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात असा अंदाज होता. काचांवर आपटून मरणारे वेगळे. या आकड्यांपुढे रिहॅब केंद्रं म्हणजे समुद्रातला थेंब. तीच शक्ती अधिवास वाचवायला का लावू नये?

सांजवेळ

काळवीट, प्रश्न रास्त आहे, पूर्ण उत्तर देते. साध्या, संख्येने भरपूर असलेल्या जातींसाठी पुनर्वसनाने लोकसंख्या वाचत नाही. तसा दावा मी करणार नाही, कुणी करत असेल तर मान्य करू नका. अधिवासाला पर्याय नाही. सोडायला जंगलच नसेल तर आमचं सगळं काम फुकट.

पण संख्येने थोड्या राहिलेल्या जातींचं गणित वेगळं असतं. जून २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ ट्रेझर नावाचं जहाज बुडालं. सुमारे १९,००० तेलाने माखलेले आफ्रिकन पेंग्विन सॅनकॉब या संस्थेने आणि हजारो स्वयंसेवकांनी धुऊन काढले. आणखी साडेएकोणीस हजार अजून न माखलेले पेंग्विन दूर पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन समुद्रात सोडले. ते पोहत घरी येईपर्यंत तेल साफ करायला वेळ मिळाला. माखलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास वाचले. ही संस्था १९६८ मध्ये सुरू झाली होती. आधीची कितीतरी वर्षं मूठभर पक्षी धूत बसलेल्या माणसांकडे ते कौशल्य होतं म्हणून हे जमलं.

शिवाय कुठल्या काचेच्या इमारतीखाली पक्षी मरतात, कुठल्या रस्त्यावर कासवं चिरडतात, कुठे विष पसरलंय, हे आमच्या नोंदवह्यांतून आधी दिसतं. आणि शेवटी समोर तडफडणारा जीव. त्याला झालेली जखम बहुतेक वेळा आपल्याच गाडीने, काचेने, मांजराने केलेली असते. तो आकड्यात छोटा आहे म्हणून त्याला तसाच सोडून पुढे जाणं मला जमत नाही, जमूही नये असं वाटतं.

मृद्गंध

पटलं. माझी आधीची भूमिका बदलते. पण एक विचारते: जे सोडण्यासारखे होत नाहीत त्यांचं? एका पंखाच्या घारीला मारून टाकतात म्हणे. हे मला सहन होत नाही.

जाईजुई

मलाही सहन होत नाही, तरी मी ते करते. सांध्यात मोडलेला पंख जुळला तरी पूर्ण उघडत नाही. घारीसारखा पक्षी दिवसाचे तास हवेत काढतो. त्याला पिंजऱ्यात ठेवणं म्हणजे रोज माणूस जवळ आला की शिकारी आल्याची भीती. कित्येक पक्षी जाळीवर आपटून पिसं आणि चोच मोडून घेतात. वेदना थांबवणं हाही उपचार असतो. ते औषध देताना माझा हात थरथरतो, पण तो जीव मात्र शांत होतो.

अपवाद आहेत. काही न सोडता येणारी घुबडं दत्तक आईबाप म्हणून उत्तम काम करतात. त्यांच्यासमोर ठेवलेली अनाथ पिल्लं त्यांच्याकडून भरवून घेतात आणि घुबडच बनतात. पण त्या पक्ष्याचा स्वभाव बंदिवास सोसणारा हवा.

पानगळ

आणि सोडायचं कसं ठरवता? उडता आलं की सोडलं, असं नसावं.

सांजवेळ

हा माझा सगळ्यात आवडता भाग, थोडं लांबेल.

उडता येणं ही फक्त सुरुवात. वजन त्या जातीच्या वयाला शोभेल असं हवं. पिसं पावसाला टिकणारी हवीत, आम्ही मुद्दाम पाण्याचा फवारा मारून बघतो. शिकारी पक्ष्याने आमच्या हातचं मेलेलं खाणं पुरेसं नाही, शिकार स्वतः करता यायला हवी. गव्हाणी घुबड अंधारात केवळ आवाजावर उंदीर पकडतं, त्यामुळे एक डोळा गेलेलं सुटू शकतं, पण ऐकू न येणारं नाही. खारीने दाण्याची टरफलं स्वतः फोडायला हवीत, घरटं बांधायला पानं गोळा करायला हवीत, आणि मला पाहताच पळायला हवं. भरवणाऱ्या माणसापासून खार पळाली की मला खरा आनंद होतो.

पिल्लांसाठी आम्ही "सॉफ्ट रिलीज" करतो. मोठा पिंजरा थेट सोडायच्या जागी, झाडीत. काही आठवडे त्यांना तिथले वास, आवाज, पाऊस, आजूबाजूचे त्यांच्याच जातीचे प्राणी सवयीचे होतात. मग एके सकाळी दार उघडं ठेवायचं आणि आपण निघून यायचं. पिंजरा तसाच राहतो, अन्न ठेवणं सुरू राहतं, ती हवं तेव्हा परत येतात आणि हळूहळू येईनाशी होतात. मोठ्या, जखमेतून बऱ्या झालेल्या प्राण्यांना एवढं नको. त्यांना त्यांचा मुलूख माहीत असतो. त्यांना सापडल्या जागीच सोडायचं. दिवसा वावरणाऱ्यांना सकाळी, रात्रीच्यांना सांजावताना, आणि हवामान दोन-तीन दिवस बरं असेल असं बघून.

"छानशा जंगलात सोडला" हे ऐकून पोटात गोळा येतो. साप लांब नेऊन सोडला तर तो अनोळखी जागेत भटकत राहतो, लपायच्या जागा माहीत नसतात, मरण्याचं प्रमाण वाढतं. कासव रस्ता ओलांडताना दिसलं तर ते जिकडे निघालं होतं त्याच बाजूला पलीकडे ठेवा. उलट ठेवलं तर पुन्हा रस्त्यावर येतं. आणि पाळीव लाल कानाचं कासव तळ्यात सोडणं म्हणजे सुटका नव्हे, ते तिथल्या मूळ कासवांच्या तोंडचं अन्न आणि उन्हाला बसायची जागा काढून घेतं.

सोडताना गर्दी, फोटो, टाळ्या नकोत. सशासारखे प्राणी आणि लांब पायांचे पक्षी पाठलागाने आणि धरपकडीने इतके घाबरतात की स्नायूच नासतात, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी ते कोसळतात. आपल्याला वाटतं सुखरूप सोडला. तो झुडपामागे मरतो. व्हायरल व्हिडिओंचंही तेच. स्लो लोरिस (माकडाच्या लांबच्या नात्यातला छोटा निशाचर प्राणी) हात वर करून "गुदगुल्या करून घेतो" ते लोकांना गोड वाटलं. तो खरं तर दंडाजवळच्या विषग्रंथीकडे तोंड नेण्याच्या बचावाच्या पवित्र्यात असतो.

निळाई

पिल्लू पोचवलं. रात्रभर उबदार होतं, तीनदा ओआरएस घेतलं. केंद्रावर त्याच्याच वयाची आणखी दोन पिल्लं आहेत, त्यांच्यात ठेवलं. खरं सांगू, देताना रडू आलं. मी अधूनमधून बघायला येऊ का विचारलं तर नाही म्हणाले. आणि सापडलेल्या जागेबद्दल इतकं खोदून का विचारत होते?

सांजवेळ

रडू येणं साहजिक आहे, निळाई. "नाही" म्हणाले ते त्याच्या भल्यासाठीच, माणसांचे चेहरे जितके कमी तितकं बरं. फोन करून चौकशी कर, तेवढं चालतं.

जागा यासाठी: सोडायच्या वेळी ते आधी तुझ्या तिथलीच झाडं बघतील. त्याची आई तिथे राहते म्हणजे त्या झाडीत खारींना पुरेसं अन्न आहे. बाकीच्यांनीही हे लिहून ठेवा. कुठलाही जीव केंद्रात देताना चिठ्ठी द्या: नेमकं ठिकाण, वेळ, कशा अवस्थेत होता, मांजर-कुत्र्याचा संबंध आला का, तुम्ही काय आणि किती पाजलं, कुणाला चावला का. आणि तुमचा नंबर. चावल्याचं लपवू नका, प्राणी मारतील या भीतीने बरेच जण लपवतात आणि मग स्वतःची लस चुकवतात.

निळाई, तुझ्याकडे एक काम आहे. समोरच्या झाडावर जी आई आहे, तिच्या झाडाचीही तोड ठरलीय का ते आजच विचार. ठरली असेल तर पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबायची लेखी विनंती कर. मजकूर मी तुला व्यक्तिगत निरोपातून पाठवते.